जुन्या मोटारीचें कुलूप

मोटार जुनी झाली कीं ती विकून टाका, असें सांगणारीं माणसें पुण्यांत वाटेल तितकीं भेटतात. ती जपावी कशी हें सांगणारीं मात्र विरळा. आमच्या घरीं २००३ सालची एक इंडिका आहे. तिचें वय ऐकून हल्लींचीं मुलें हंसतात. पण ज्या गाडींतून आमचे तीर्थरूप अण्णा अखेरपर्यंत दवाखान्यास आणि कीर्तनास सारख्याच उत्साहानें जात, ती केवळ हंशास भिऊन दारांतून घालविणें आम्हांस रुचलें नाहीं. शिवाय ती पुण्याचीच लेक. टाटांनीं १९९८ सालीं ही गाडी काढली ती पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांत. आणि त्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील निसान कंपनीचा बंद पडलेला कारखाना सुटा करून समुद्रमार्गें इकडे आणविला होता. माहेर इतकें जवळ असलेल्या लेकीस म्हातारपणीं घराबाहेर काढावयाचें कसें? पंधरा वर्षें भरलीं तेव्हां २०१८ सालीं, व पुन्हां २०२३ सालीं, आम्हीं तिची नोंदणी नवी करून घेतली, पर्यावरण कर भरला, आणि वापरावयाचीच तर नीट सोय करून वापरावी असें ठरविलें.

आम्हीं घेतलेल्या स्वस्तांतल्या प्रकारास चारी दारें एकदम बंद करण्याची सोय नव्हती. पुण्यांतील जुन्या वाड्यास मोठें दार एक; रात्रीं त्यास अडसर घातला कीं आंतलीं दहा बिऱ्हाडें एकदम सुरक्षित होत. मोटारीची गोष्ट उलट. चालविणारानें आपलें दार किल्लीनें उघडावें, आंत बसून डावीकडे वांकावें, मग मागें हात लांबवून एकेक दार मोकळें करावें. तोंवर बाकीची मंडळी पावसांत छत्र्या सांवरीत उभी. उतरतांना पुन्हां तोच विधि, आणि घरीं येऊन पानावर बसल्यावर, “मागचें डावें दार लावलंत ना?” हा सौभाग्यवतींचा ठरलेला प्रश्न.

हें सारें गैरसोयींत जमा झालें, आणि गैरसोय आम्हीं आणखी दहा वर्षें सोसली असती. पण आमची सूनबाई एका रुग्णालयांत काम करते व आठवड्यांतून दोनतीन दिवस तिला परतावयास रात्रीचे अकरा वाजतात. एकदां ती वाहनतळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत गाडी सुरू करीत असतां कोणा अनोळखी इसमानें मागचें दार बाहेरून ओढून पाहिलें. दार लावलेलें होतें म्हणून बरें. तिनें घरीं येऊन हें अगदीं शांतपणें सांगितलें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशींच आम्हीं नाना पेठेची वाट धरली.

एका ठिकाणाहून सर्व दारें बंद करण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींत १९५६ सालीं विजेचीं कुलपें आलीं. जर्मनींतील मर्सिडीझवाल्यांनीं पुढें हेंच काम विजेऐवजीं नळ्यांतील हवेच्या दाबानें करून पाहिलें. दुरून बटण दाबून दार उघडण्याचा चमत्कार प्रथम रेनॉ कंपनीच्या फ्यूगो गाडींत १९८२ च्या सुमारास दिसला. त्याचा कर्ता पॉल लिपशूत्झ. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन फ्रेंच लोक अजूनहि त्या बटणास ‘प्लिप’ म्हणतात. आपल्याकडे दुकानदार साऱ्या सरंजामास ‘सेंटर लॉक’ म्हणतात, आणि नाना पेठेंत तेंच शुद्ध मानावें.

पेटी उघडून पाहिली तर आंत गूढ असें कांहीं नाहीं. बोटभर लांबीच्या दांड्याच्या चार लहान मोटरी, एक काळी डबी, तारांचा जुडगा, लोखंडी सळया, त्या जोडावयाच्या पकडी आणि दोन रिमोट. दाराच्या पोटांत कुलपाची जी सळई असते तिला ही नवी सळई जोडावयाची. मोटरीस एका दिशेनें वीज दिली कीं दांडा सुमारें दोन सेंटिमीटर पुढें सरकतो व कुलूप लागतें. वीज उलट फिरविली कीं तो मागें येतो व कुलूप निघतें. वीज द्यावयाची तीहि क्षणभरच. चालविणाराच्या दारांतील मोटरीस दोहोंऐवजीं पांच तारा असतात. जादा तीन तारांवरून डबीस कळतें कीं धन्यानें आपलें दार लावलें किंवा उघडलें, आणि ती बाकीच्या तिघांस तसा हुकूम सोडते. म्हणून रिमोट हरवला तरी साध्या किल्लीनें उजवें पुढचें दार फिरवितांच चारी दारें वळतात. पाठीमागच्या सामानाच्या दारास आमच्या पेटींत मोटर नव्हती; तें अजून किल्लीनेंच उघडतें.

जोडणीचा दिवस मात्र पाहण्यासारखा होता. कांच वरखालीं करण्याचें हँडल काढावयाचें तर त्याच्यामागें एक नालाच्या आकाराची तारेची चाप असते. ती पेंचकसानें उचकटावी तर पॅड फाटतें. आमच्या फिटरनें फडक्याची एक चिंधी हँडलमागें घालून चांभार दोरा ओढतो तशी दोन्हीं हातांनीं इकडूनतिकडे ओढली आणि चाप टुणकन् उडून बाहेर आली. ही युक्ति आम्हांस फार आवडली. नंतर घरांतील प्रत्येकास ती आम्हीं करून दाखविली. पॅडच्या आंत प्लॅस्टिकचा एक पातळ कागद चिकटविलेला असतो. घाईंतला कारागीर तो टराटरा फाडून टाकतो, आणि पहिल्या आषाढसरींत कांचेवरून उतरलेलें पाणी बाहेर न पडतां पायाखालच्या गालिच्यांत मुरतें. तो कागद कडेनें सोडवून पुन्हां चिकटविला पाहिजे, असा आग्रह आम्हीं धरला. त्यावर, “काका, हें कुणी बघत नाहीं,” असें उत्तर मिळालें. पाऊस बघतो, असें म्हणून आम्ही स्टूल घेऊन तेथेंच बसलों.

आणखी तीन ठिकाणीं डोळ्यांत तेल घालावें लागतें. मोटर स्क्रूनें पक्की करण्यापूर्वीं कांच पुरती खालीं उतरवून पाहावी, नाहींतर ती मोटरीवर आदळते. दांडा कुलपाच्या सळईशीं समांतर चालला पाहिजे. तिरपा बसला तर पहिले कांहीं महिने निभावून जातात, मग आंतल्या प्लॅस्टिकच्या चाकांचे दांते झिजतात. आणि दारांतून गाडींत येणाऱ्या तारा रबरी नळींतूनच ओंवल्या पाहिजेत. दार दिवसांतून दहा वेळां उघडमीट होतें. उघडी तार पत्र्याच्या कडेवर घांसून आंतलें तांबें बाहेर येतें आणि मग फ्यूज कां उडतो याचा शोध लागतां लागत नाहीं. डबीला वीजहि बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज घालून द्यावी. हॉर्नच्या किंवा दिव्याच्या तारेस टांका मारून देणें ही शुद्ध आळशीपणाची रीत होय.

काम तीन तासांत उरकलें. सूनबाईनें बसल्याबरोबर बटण दाबलें, चारी दारांनीं एकदम ‘खट्’ म्हटलें, आणि तिच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें त्यापुढें दोनअडीच हजारांचा खर्च आम्हांस कांहींच वाटला नाहीं.

पण याच कुलपानें पुढें आमचा जीव टांगणीस लावला. बहुतेक अशा डब्यांत एक योजना असते: खिशांत चुकून बटण दाबलें जाऊन गाडी उघडी राहूं नये, म्हणून रिमोटनें उघडल्यावर अर्ध्या मिनिटांत कोणतेंच दार उघडलें नाहीं तर डबी आपण होऊन कुलूप लावते. दार उघडलें कीं नाहीं हें डबीस कळावें म्हणून एक बारीक तार दाराच्या चौकटींतल्या दिव्याच्या बटणास जोडावयाची असते. आमच्या फिटरनें ती मोकळीच गुंडाळून ठेविली होती. डबीच्या दृष्टीनें दार कधींच उघडत नव्हतें. वैशाखांत एका दुपारीं मंडईजवळ सूनबाईनें गाडी उघडली, दोन वर्षांच्या नातवास मागें बसवून पट्टा लावला, पिशवी व किल्ल्या त्याच्या शेजारीं ठेविल्या, मागचें दार लोटलें आणि वळसा घालून पुढच्या दाराशीं येते तों ‘खट्’. मूल आंत, किल्ली आंत, फोन आंत.

एका फुलवाल्या बाईनें आपला फोन दिला. “मामंजी, दुसरी किल्ली घेऊन लगेच या,” एवढेंच ती बोलली. सदाशिव पेठेंतून मंडई कितीशी लांब! तरी चिरंजीवांच्या स्कूटरवर मागें बसून आम्हीं तो रस्ता कसा कापला हें आमचें आम्हांस ठाऊक. बंद मोटार उन्हांत तापते ती पहिल्या अर्ध्या तासांतच सर्वांत जास्त, आणि लहान मुलाचें अंग मोठ्यांपेक्षां फार लौकर तापतें. आम्ही पोंचलों तेव्हां एका हमालानें मुलापासून सर्वांत दूरच्या कांचेपाशीं दगड घेऊन तयारी ठेविली होती. अगदीं योग्य केलें होतें त्यानें. दोन मिनिटें उशीर झाला असता तर आम्हींच त्यास मार म्हटलें असतें. साध्या किल्लीनें दार उघडलें. नातू घामानें निथळत होता, पण पाणी पितांच हंसला. सूनबाई तेव्हां प्रथमच रडली.

त्याच संध्याकाळीं ती तार जोडून घेतली. “कंपनी एक वायर जास्तच देते,” असा खुलासा कारागिराकडून मिळाला. आम्हीं त्याच्यासमोर घड्याळ लावून दार उघडून मिटून चारदां परीक्षा घेतली. कुलूप लागलें नाहीं. ज्यांनीं असें साधन बसविलें असेल त्यांनीं ही परीक्षा, किल्ल्या हातांत ठेवून व गाडींत कोणास न बसवितां, अवश्य करावी.

चोराविषयीं कांहीं मंडळी विचारतात. रिमोट ४३३ मेगाहर्टझच्या सुमारास आपला संकेत पाठवितो. स्वस्त पेट्यांत हा संकेत दर वेळीं तोच असतो, म्हणजे कोणी तो टिपून पुन्हां वाजविला तर गाडी उघडेल. चांगल्या पेटींत तो दर दाबण्यास बदलतो. दक्षिण आफ्रिकेंत निघालेली कीलॉक ही पद्धति या कामीं जगभर चालली, परंतु २००८ सालीं जर्मनींतील बोखुमच्या संशोधकांनीं तिचेंहि बिंग फोडलें. म्हणून सेंटर लॉक हें सोयीचें व धीराचें साधन समजावें. चोरीसाठीं गिअरला निराळें कुलूप लावावें, तें आम्हीं लावतों. भोंगा मात्र जोडूं दिला नाहीं. दुपारीं एक ते चार या वेळांत आमच्या गल्लींत मोटारीनें ओरडणें शेजारधर्मास सोडून आहे.

दुसरी किल्ली आतां समोरच्या बिऱ्हाडीं खिळ्यास टांगलेली असते. रिमोटमधील बारीक बॅटरी वर्ष-दीड वर्षांत मंदावते. बटण दोनदां दाबावें लागूं लागलें कीं ती बदलावी. गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत आहे, तोंवर मोटरींचे दांते टिकावे, नपेक्षां एकेक मोटर सुटीहि मिळते.