पुणे आणि आलापल्लीच्या मधे

महाराष्ट्रातल्या दोन सापसुरळ्यांच्या शास्त्रीय नावांत आपली गावं आहेत. रूझवेल्ट बंधूंच्या आशियाई मोहिमेचा संग्रह अभ्यासताना शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या कार्ल श्मिट यांनी १९२६ साली ‘आलापल्लेन्सिस’चं वर्णन केलं. तिचं मूळ ठिकाण आलापल्लीचं जंगल, तेव्हा चांदा जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. दुसरी ‘पूनाएन्सिस’, १९७० साली आर. सी. शर्मा यांनी पुणे परिसरातून नोंदवलेली. ही मला जास्त छळते. हिची सख्खी भावंडं राजस्थान, पाकिस्तान, इराणच्या कोरड्या मुलखात राहतात. मग हीच एकटी दख्खनच्या दगडांत कशी उरली?

या दोन गावांच्या मधे मराठवाडा पसरलेला आहे. पुण्याकडचंच कोरडं हवामान, तोच काळा कातळ, तेच गवत. म्हणून पहिल्या पावसानंतर मी मराठवाड्यातल्या आमच्या शहरात विद्यापीठामागच्या डोंगरावर, गोगाबाबा टेकडीच्या उतारावर, कधी गौताळा अभयारण्यात दगड उलथत फिरतो. उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा, हा माझ्या विद्यार्थ्यांना पहिला धडा. त्याखालची ओल एकदा उडाली की तिथं घातलेली अंडी सुकतात.

बहुतेक वेळा हाती लागते ती नेहमीची, तांबूस तपकिरी सापसुरळी. पण ‘नेहमीची’ म्हणून सोडून दिली की फसगत होते. भिंगाखाली पाठीचा एकेक खवला पाहावा लागतो. या नेहमीच्यांतल्या मोठ्या जातीच्या खवल्यावर सहसा तीन उभ्या कडा असतात, तिच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे लहान जातीच्या, खवल्यावर पाच किंवा जास्त. पुण्याच्या सापसुरळीचे खवले गुळगुळीत, पाठीच्या मधल्या रांगेतले रुंद. दुरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

आणि ठिपकेवाली सापसुरळी? ती तर आपल्या अंगणातल्या कुंडीखाली राहते. अंग सडपातळ, पाय इवलेसे, पिल्लाची शेपटी लालभडक. ही शेपटी शत्रूच्या तोंडात सोडून पिल्लू निसटतं. मणक्यांत तुटण्याच्या जागाच ठरलेल्या असतात. नवी शेपटी उगवते, पण तिच्या आत हाडाऐवजी कूर्चा असते. लोक मात्र सापाचं पिल्लू समजून चप्पल उचलतात. हिच्यात विष नाही, भारतातल्या कुठल्याच सापसुरळीत नाही. वाळवी आणि किडे खाऊन ती जगते.

चपलेपेक्षा मला भीती जेसीबीची वाटते. शहराभोवतीचे डोंगर मुरुमासाठी पोखरले जाताहेत. वाघाच्या जंगलावर कुऱ्हाड पडली तर बातमी होते. मुरुमाच्या ट्रकमधून गेलेल्या सापसुरळ्यांची नोंद कोण ठेवणार?

तुमच्या बांधावर, वाड्याच्या पडक्या भिंतीत सापसुरळी दिसली तर पकडू नका. फोटो काढा, एक पाठीचा आणि एक डोक्याचा, बाजूने आणि जवळून. खालच्या पापणीवर खवले आहेत की पारदर्शक खिडकी, एवढं दिसलं तरी ओळखीचं अर्धं काम होतं.