बेस, जरा दमानं!

"भाचेबुवा, तुमचा हा बेस बोलत नाही. खेकसतो!"

एवढं बोलून मामांनी कानातलं मशीन काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि ते खाली ओसरीवर जाऊन बसले. वणीतल्या त्यांच्या पत्र्याच्या माडीवर उरलो मी आणि माझा काळाकुळकुळीत बेस.

दुसरं कुणी असतं तर 'जनरेशन गॅप' म्हणून सोडून दिलं असतं. पण मामा स्वतः ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं बेस वाजवायचे. मला पहिली तार छेडायला शिकवली ती त्यांनीच. दोन दिवसांनी मामेबहिणीच्या लग्नाचा गोंधळ होता. गोंधळीकाकांनी संबळ-तुणतुण्यासोबत एक पद वाजवायला मला परवानगी दिली होती. ऐन त्याच वेळी मामा उठून बाहेर जाणार असतील, तर वाजवायचं कुणासाठी?

माझा बेस मुळात घेतलाय कॉलेजच्या रॉक बँडसाठी. आत नऊ व्होल्टची बॅटरी, अ‍ॅक्टिव्ह सर्किट, वर स्टीलच्या राउंडवाउंड तारा. दोन डिस्टॉर्शनवाल्या गिटार शेजारी बोंबलत असताना बेसला खेकसावंच लागतं, राव! आणि लग्न म्हणून मी हौसेनं तारांचा कोरा करकरीत सेट चढवला होता. म्हणजे आगीत तेल.

मामांच्या कानांचं गणित वेगळं. वय आणि स्पीकरशेजारी घालवलेल्या रात्री, दोन्ही मिळून आधी वरच्या पट्टीचे आवाज खातात. मशीन नेमके तेच वाढवून देतं. त्यात अशा कानांना 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यात जागाच थोडी उरते. तारेचा फ्रेटवर आपटण्याचा 'खट्' त्यांना सुईसारखा टोचत होता. खालचा मूळ सूर मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू येत होता. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. भांडण तिच्याशी नव्हतंच.

हे कळायच्या आधी मी सगळे करतात तो गाढवपणा केला. आवाज गोड करायचा ना, मग बेसचं बटण फुल! माडीचे पत्रे असे थरथरले की मामी खालून ओरडल्या. खरं तर वाढवायचं काहीच नसतं, काढून टाकायचं असतं. मी बेसचं बटण पुन्हा मध्यावर आणलं, ट्रेबल उतरवला, अ‍ॅम्पच्या मागचा ट्वीटर बंद केला. ब्रिजजवळचा पिकअप शून्यावर, नेकजवळचा पूर्ण. तार टोकाला कडक असते, तिथे मूळ सुरापेक्षा किणकिणच जास्त; नेककडे ती मोकळी हलते, सूर गोल येतो. नव्या तारा काढल्या आणि केसच्या खिशातल्या जुन्या, बोटांच्या तेलानं मुरलेल्या तारा परत चढवल्या. पैसे वाया गेले, ते सोडा.

फरक पडला. पण 'खट्' काही जाईना.

शेवटी मामांना हाक मारली. ते वर आले, मशीन कानात घातलं आणि अ‍ॅम्पकडे न बघता म्हणाले, "हात दाखव." मी वाजवलं. "एवढं का मारतोस? कर्ज वसूल करतोयस का?" मग माझं मनगट धरून त्यांनी हात पुढे सरकवला, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे. नखाची कड नाही, बोटाचा मऊ भाग. निम्मा जोर. कमी पडेल तेवढं अ‍ॅम्प देईल. मामांनी माझा हात असा धरून बरीच वर्षं झाली होती.

उरलेलं काम मामींच्या भांडी घासायच्या नव्या स्पंजनं केलं. एक पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सारली. सूर लांबत नाही, 'धुम्म' होऊन थांबतो. हा जुगाड वाटेल, पण लिओ फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बेसमध्ये ब्रिजच्या झाकणाखाली फोम कंपनीनंच लावलेला असायचा! मोटाउनचा जेम्स जेमर्सन तसाच फोम ठेवून, चपट्या गुंडाळीच्या फ्लॅटवाउंड तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. तार तुटेपर्यंत बदलायचा नाही, असं सांगतात. फ्लॅटवाउंड मलाही घ्यायच्यात. पण त्यांचा ताण बहुतेकदा जास्त असतो, नेक पुन्हा सेट करून घ्यावी लागेल. बघू.

गोंधळाच्या रात्री दिवटी पेटली. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा आणि माझा बेस एकाच ठिकाणाहून येतायत असं वाटायला लागलं. तुणतुण्याची ती एकुलती एक तार माझ्या चार तारांवर आरामात ऐकू येत होती. मामा अ‍ॅम्पला टेकून बसले होते. एक तळवा त्याच्या लाकडावर, मशीन कानात.

पद अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी मला कोपरानं ढोसलं. म्हटलं, झालं, लागलं काहीतरी कानाला!

"अरे," ते वाकून म्हणाले, "आवाज वाढव की जरा."