दोन अक्षरांची किंमत

गाडीच्या मागे लावलेल्या दोन अक्षरांची किंमत किती असावी? स्कोडा ऑक्टाव्हिया तुम्ही शंभरदा पाहिली असेल. पण तिच्या डिकीवर ‘आरएस’ दिसलं की ऑफिसातला गाडीवेडा कलीग पार्किंगमध्येच थबकतो आणि मोबाइल काढतो!

आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. आणि हा नुसता स्टिकरचा फंडा नाही, बरं का. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत स्कोडाच्या छोटुकल्या १३० आरएसने १३०० सीसीच्या गटात पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर पटकावले. पुढे १९९९ पासून ऑक्टाव्हिया स्वतःच वर्ल्ड रॅलीत उतरली. २००१ मध्ये केनियातल्या खडतर सफारी रॅलीत ती तिसरी आली. २०२० मध्ये आपल्याकडे आली ती आरएस २४५. २४५ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ६.६ सेकंदांत, किंमत ३५ लाख ९९ हजार. अख्ख्या देशासाठी गाड्या फक्त २००.

त्या दोनशेतली एक माझ्या मामेभावाने घेतली. दादा मूळचा खामगावचा, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाला, ‘‘चांगला गिऱ्हाईक बघ.’’ २०२५ च्या दिवाळीला मी ती गाडी घेऊनच बुलढाण्याला घरी गेले.

तिथेच मुंबईहून पहिला फोन आला. मी आईला म्हटलं, ‘‘कलेक्टरचा फोन आहे.’’ ती हातातली करंजी टाकून उभीच राहिली! जिल्ह्याच्या गावात कलेक्टर म्हणजे एकच. हे साहेब गाड्या जमवणारे, हे तिला समजावेपर्यंत करंज्या जळाल्या.

साहेबांचा हिशोब पक्का होता. त्याच ऑक्टोबरमध्ये नवी आरएस आली होती. १०० गाड्या, प्रत्येकी ४९ लाख ९९ हजार, आणि लाँचच्या आधीच सगळ्या बुक. मग ज्यांना मिळाली नाही, ते जुन्या दोनशेंकडे वळणारच ना? ते गाडी ट्रकवर चढवून नेणार, शेडमध्ये कव्हर घालून ठेवणार. किलोमीटर वाढू द्यायचे नाहीत, कारण किलोमीटर वाढले की भाव उतरतो.

दुसरे गिऱ्हाईक मलकापूरचे एक तरुण डॉक्टर. ऑफर दोन लाखांनी कमी. वर एक अट. ‘‘मॅडम, आधी राजूर घाटात चालवून बघू द्या.’’

आमचा जिल्हा दोन भागांत राहतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. मलकापूर, नांदुरा, खामगाव खाली. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना मधे लागतो तो राजूर घाट. डॉक्टरांनी गाडी खाली नेली, वळवली आणि चढायला लागले. स्पीड पन्नाससुद्धा नसेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वळणात जोर दिला की ती बाहेर सरकायला बघते. आरएस २४५ मधलं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल अशा वेळी जास्त ताकद बाहेरच्या चाकाकडे पाठवतं आणि गाडीचं नाक आत ओढलं जातं. डॉक्टर काही बोलले नाहीत. तिसऱ्या वळणाला नुसते हसले.

वेगच हवा तर समृद्धी महामार्ग आहे की, असं तुम्ही म्हणाल. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणारा तो रस्ता एकदम सरळसोट. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरी स्पीडचं कौतुक कुणी करत नाही. मलाही वाटतं, सरळ रस्त्यावर नुसतं ॲक्सिलरेटर दाबणं ही काही रॅली नव्हे. रॅली म्हणजे वळण, खडी, चढ, आणि नेमक्या क्षणी ब्रेक. ज्या गाडीचा वंशच असल्या रस्त्यांवर वाढला, तिला कव्हरखाली ठेवायचं?

रात्री दादाला सगळं सांगितलं.

‘‘दोन लाख म्हणजे माझे होम लोनचे चार हप्ते गं,’’ तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. गाडी त्याची, हप्तेही त्याचे.

‘‘ठीक आहे. पण मुंबईला दिलीस, तर यापुढे ती कुणीच चालवणार नाही,’’ एवढंच मी म्हटलं.

दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘डॉक्टरांना दे. सर्व्हिसची फाइल विसरू नकोस.’

परवा डॉक्टरांनी ओडोमीटरचा फोटो पाठवला. चार महिन्यांत सहा हजार किलोमीटर! मुंबईच्या साहेबांच्या हिशोबाने गाडीचा भाव चांगलाच उतरला असणार. मी फोटो दादाला फॉरवर्ड केला. जर्मनीत तेव्हा पहाट होती, पण रिप्लाय लगेच आला. नुसता अंगठा.