नट खोलायचा दिवस

बुटीबोरीच्या एमआयडीसीत नव्वदीच्या दशकात कामाला लागलेल्यांच्या घरी कालनिर्णयाच्या पानावर एकादशीच्या शेजारीच ‘ऑइल बदलले’ असं लिहिलेलं असायचं. खाली किलोमीटर, किती लिटर टाकलं, फिल्टर बदलला की नाही. दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख आईच्या अक्षरात, ऑइलची नोंद काकांच्या. काका मेंटेनन्सला होते. कारखान्यात प्रत्येक पंपाचं आणि गिअरबॉक्सचं कार्ड भरता भरता हात असा वळला होता, की घरात गाडी आली तेव्हा तिचंही कार्ड निघणार हे ठरलेलंच होतं.

आमची ती सगळी घरं सारखीच होती. कोणाचे वडील इंडोरामात पॉलिएस्टरच्या धाग्यावर, कोणाचे मामा केईसीत विजेच्या टॉवरच्या लोखंडावर. गाव मागे हिंगणघाटकडे, समुद्रपूरकडे, नाहीतर वर्ध्याच्या पलीकडे. तिथे एक भाऊ कापूस-सोयाबीन बघणार, इथे दुसरा शिफ्ट करणार, आणि गाडी दोघांत मिळून एक. ती बहुधा जुनी घेतलेली. महिंद्राची कमांडर किंवा मार्शल. ज्यांची ऐपत जरा बरी, त्यांच्याकडे १९९४ नंतर टाटा सुमो. २००० नंतर मात्र बोलेरोच बोलेरो. वर्धा रोडला उभं राहिलं की दर दोन ट्रकांमागे एक दिसायची. नाव काहीही असो, घरात तिला जीपच म्हणत. आज ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्यांची ही थोरली भावंडं, फक्त गाद्या टणक आणि मागच्या बाकावर समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांत अडकलेले.

ऑइल घरी बदलायचं, यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात, म्हणजे जाऊन-येऊन आठवड्याचा ऑफ संपला. हायवेवरचे मेकॅनिक ट्रकांत गुंतलेले. आणि खरं कारण तिसरंच होतं : जो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या मशीनला हात लावतो, त्याला आपल्या मशीनला दुसऱ्याने लावलेला हात सहन होत नाही. “पाच लिटर म्हणून साडेचार टाकतील, आणि फिल्टर पुसून तोच बसवतील,” हे काकांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे आम्हीच म्हणू लागलो.

काकांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, गावाहून ऑइल बदलायला खास यायचे. त्यांचा दावा असा की जीपचं डीआय इंजिन हे ट्रॅक्टरच्याच गोत्रातलं, आणि ट्रॅक्टर त्यांना कारखान्यातल्या माणसापेक्षा जास्त कळतो. दाव्याचा पहिला भाग खरा होता. महिंद्राच्या त्या जुन्या इंजिनांची मुळं ट्रॅक्टरच्या इंजिनात आहेत, आणि महिंद्राचे ट्रॅक्टर तर आमच्या हिंगण्यालाच तयार होतात. दुसऱ्या भागावरून दोघा भावांचं वर्षानुवर्षं चाललं. मोठेबाबांनी वेळापत्रकही आपलंच लावलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, हळद-तुपाने खांदे चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीचं आवतण देतात. तसं दसऱ्याच्या आधी जीपचं ऑइल. काकांचा हिशेब मात्र पाच हजार किलोमीटरचा, सण असो की नसो. तडजोड म्हणून दसऱ्याजवळ नेमके पाच हजार भरतील अशा बेताने गाडी चालवली जायची, हे आम्हाला मोठं झाल्यावर लक्षात आलं.

ऑइल आदल्या दिवशीच आणलेलं असायचं. सर्व्हो, कॅस्ट्रॉल, गल्फ, यांतलं काय आणायचं यावर घराघरांत जातीपातीइतके पक्के पक्ष होते. जुन्या डिझेलला २०डब्ल्यू-४०, नव्या टर्बोवालीला १५डब्ल्यू-४०. यातला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो आणि दुसरा इंजिन तापल्यावरचा जाडपणा. विदर्भाच्या उन्हात आम्हाला दुसऱ्याचीच काळजी. मे महिन्यात छाया शोधूनही पारा पंचेचाळीसच्या खाली येत नाही, तिथे ऑइल पातळ पडलं की बेअरिंगवरचा थर फाटतो आणि लोखंड लोखंडाला लागतं. डब्यांचं आम्हा पोट्ट्यांना वेगळंच आकर्षण. काही कंपन्या झाकणाखाली मेकॅनिकसाठी कूपन ठेवत. ते ज्याच्या हाती लागेल तो त्या दिवसाचा राजा, जरी कूपन घेऊन जायचं कुठे हे कोणालाही माहीत नसलं तरी.

कामाची वाटणी वयाप्रमाणे. सर्वांत लहान तो चाकांमागे दगड लावणार आणि बॅटरी धरणार, आणि बॅटरी हलली म्हणून शिव्याही खाणार. त्याच्यावरचा पाने देणार. त्यात चूक करायला जागा नसे, सतरा मागितला की सतराच. त्याच्यावरचा अर्धा गाडीखाली. पूर्ण गाडीखाली फक्त काका. बढती हळूहळू व्हायची आणि बहिणींनाही व्हायची. आत्याची ताई तर डिपस्टिक वाचण्यात अशी तयार होती, की खुणेच्या वर किती आणि खाली किती यावर तिचा शब्द अखेरचा धरत. पट्टी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून बघायची. पुसल्याशिवाय जो बघेल त्याच्याकडे ती नुसतं बघायची.

आधी गाडी चौकापर्यंत नेऊन आणायची. थंड ऑइल आळशी असतं, गाळ तळाला धरून बसतं. गरम झालं की घेऊन निघतं. पण फार गरमही नको, कारण चेंबरचा नट शेवटच्या आट्याला सुटतो तेव्हा धार सरळ खाली पडत नाही, आडवी उडी मारते आणि मनगटापासून कोपरापर्यंत येते. त्याला काकांची युक्ती अशी : नट आत दाबत दाबत फिरवायचा, आणि सुटला असं वाटलं की झटकन बाजूला न्यायचा. वरचं झाकण आधी उघडं ठेवायचं, म्हणजे हवा आत जाते आणि धार अडखळत नाही. खाली सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा पिपा, उभा चिरून केलेली परात. हा पिपा मिळवायला आईची मनधरणी करावी लागे, कारण त्यात तिला तुळस लावायची असायची.

धार बारीक होऊन थेंबांवर येईपर्यंत थांबायचं, आणि हा वेळ चहाचा. त्यातच चर्चा. बाहेर आलेलं ऑइल डांबरासारखं काळं, म्हणून कोणी शेजारी हमखास म्हणायचा, “बाप्पा! इंजिन खराब होऊन राहिलं वाटते.” मग काका गाडीखालूनच समजावून सांगत, की डिझेलचं ऑइल काळं होणारच. जळणातली काजळी पिस्टनच्या कड्यांमधून खाली येते, आणि ऑइलातला साबणासारखा घटक ती धरून ठेवतो, इंजिनात कुठे बसू देत नाही. नवं ऑइल टाकून दोन दिवसांत काळं पडलं तर ते आपलं काम करतंय. दुधी रंगाचं निघालं तर मात्र घाबरा, पाणी शिरलंय. आणि दोन बोटांत चोळून कचकच लागली, चमकी दिसली, तर बेअरिंगचं बघा. हे सगळं आम्ही शाळेत शिकलो नाही. पुढे ज्यांनी मेकॅनिकल घेतलं त्यांना पहिल्या वर्षी हेच जरा लांबवून शिकवलं.

मोठेबाबांचा हट्ट असायचा की जुनं निघाल्यावर लिटरभर डिझेल टाकून इंजिन मिनिटभर फिरवावं, म्हणजे आतून धुऊन निघतं. या वादात माझं मत काकांच्या बाजूचं. डिझेल वंगण करत नाही. त्या मिनिटात बेअरिंग जवळजवळ कोरडी फिरतात, आणि कोपऱ्यांत उरलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं. पण मोठेबाबांच्या ट्रॅक्टरने असली आंघोळ वर्षानुवर्षं सहन केली होती, आणि चालतं इंजिन हा असा पुरावा असतो की त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

फिल्टर काढणं हा खरा परीक्षेचा भाग. आधीच्याने जास्त कसला असेल तर पट्ट्याचा पाना घसरायचा, मग सायकलची चेन गुंडाळायची, आणि तेही हरलं की स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याला दांडा करून फिरवायचं. निघाला की पहिलं काम म्हणजे त्याचं रबर त्याच्यासोबत आलं का ते बघणं. जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला, की दोन रबरं एकमेकांवरून सरकतात आणि चालू इंजिन सगळं ऑइल बाहेर फेकतं. नव्याच्या रबरावर बोटाने ऑइल फिरवायचं, हाताने टेकेपर्यंत बसवायचा आणि मग पाऊण फेरा. तेवढाच.

“काऊन बे, पाना काऊन घेऊन राहिला?”

“घट्ट नको का, काका?”

“हाताने कस. पान्याने कसला तर पुढच्या टायमाला काढायला कोण येईन, तुझा बाप?”

बाप म्हणजे त्यांचाच थोरला भाऊ, शेजारी बसून चहा पीत असायचा. तो मान डोलवायचा.

चेंबरच्या नटाला नवा वायसर. त्या दोन-तीन रुपयांच्या वायसरवर कंजुषी करणारा माणूस काकांच्या नजरेतून कायमचा उतरे. मग ऑइल ओतायचं, थांबायचं, इंजिन चालू करून ऑइलचा लाल दिवा विझतो की नाही ते बघायचं. ती दोन-तीन सेकंदं कोणी बोलत नसे. नव्या फिल्टरचा रिकामा पेला भरतो, म्हणून पातळी खाली जाते. ती ताई वाचणार, मग राहिलेलं अर्धं लिटर. हात धुवायला आधी डिझेल, मग निरमा आणि साखर. नखांत काळी रेघ आठवडाभर. आई त्या हातांना पोळीच्या डब्याजवळ येऊ द्यायची नाही, ताटात वाढूनच द्यायची. रिकाम्या डब्यांना काका खिळ्याने भोकं पाडत आणि मगच भंगारवाल्याला देत, कारण चांगला डबा परत भरून बाजारात येतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ट्रायल म्हणून सगळं घर गाडीत बसून टाकळघाटपर्यंत जायचं, परत येऊन कोणी गाडीखाली वाकून थेंब शोधायचा.

कालनिर्णयावरच्या त्या नोंदी इतक्या काटेकोर होत्या, की कुठल्या साली कोणता फिल्टर लागला ते आजही सांगता येईल. फक्त निघालेलं पाच-सहा लिटर काळं ऑइल कुठे गेलं, हे एकाही पानावर नाही. गेलं कुठे ते सगळ्यांना माहीत आहे. थोडं बंडीच्या आसाला. थोडं गोठ्याच्या खांबांना, वाळवी लागू नये म्हणून. फाटकाच्या बिजागरीला. त्या वर्षांत बुटीबोरीत जिकडे तिकडे स्लॅब पडत होते, तेव्हा ठेकेदार शटरिंगच्या फळ्यांना फासायला पिपेच्या पिपे मागून नेत, काँक्रीट चिकटू नये म्हणून. आणि उरलेलं कुंपणाच्या कडेला, गवत येऊ नये म्हणून. काळ्या मातीने ते मुकाट पिऊन घेतलं. आमच्याच घरातली माणसं कारखान्यात ड्रमवर लेबल लावल्याशिवाय वापरलेलं तेल हलू देत नव्हती. पण गेटच्या बाहेर तेच तेल औषध होतं.

कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि हे काही तेव्हाच ठरलेलं नाही. १९८९ पासून देशात घातक कचऱ्याचे नियम आहेत. गंमत अशी, की राज्यात असा कचरा विल्हेवाटीला नेण्याची जी मोजकी सामाईक केंद्रं आहेत, त्यांतलं एक आमच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीतच आहे. तिथे कारखान्यांचे टँकर जातात. चिरलेल्या पिप्यातलं पाच लिटर घेऊन तिथे कोण जाणार, आणि गेलं तरी गेटवर कोण घेणार? मला त्या पिढीला दोष द्यावासा वाटत नाही. तिला वस्तू टाकणं जमत नव्हतं, म्हणूनच ती विषही वापरून संपवत होती.

आता ते सगळं आपोआप थांबलंय. २०२० पासूनच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत धुराड्याला काजळी अडवणारी गाळणी असते. तिला कमी राख करणारं वेगळं ऑइल लागतं. दुकानात हाताला येईल ते टाकलं तर गाळणी तुंबते, आणि तिची किंमत ऐकून आमच्या काकांनी खुर्ची धरली. खाली प्लास्टिकचं झाकण, ते काढायला वेगळा पाना, वर वॉरंटीची भीती. पाच हजाराचे दहा हजार किलोमीटर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो आमच्या इथून हाकेवरून सुटतो. शिर्डीला जाऊन-येऊनच हजार किलोमीटर पडतात, तेव्हा गाडी अंगणात उभी करून चेंबर रिकामं करण्याइतकी सुट्टी कोणाला आहे? सर्व्हिस सेंटरवाले घरून घेऊन जातात, मोबाइलवर फोटो पाठवतात. निघालेलं ऑइल ड्रममध्ये जातं, ते पुनर्प्रक्रियेला. एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्यांवरच ठरावीक प्रमाणात ते परत प्रक्रियेला जाईल हे बघण्याची जबाबदारी आली आहे. हे चांगलंच झालं.

घरातला एकच जण अजून स्वतः बदलतो, तो टेक्सासमध्ये. तिथे मजुरी परवडत नाही म्हणून, असं तो म्हणतो. मला ते पटत नाही, त्याचा पगार मला माहीत आहे. त्याने मोठी टोयोटा घेतली, लोखंडी उतरणीचे रॅम्प घेतले, गॅरेजमध्ये कार्डबोर्ड अंथरला आणि व्हिडिओ कॉल लावला. निघालेलं ऑइल बंद डब्यात भरून तो स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन देतो, तिथे ते फुकट घेतात. मोठेबाबांना हे ऐकून वाईट वाटलं. एवढं ऑइल फुकट द्यायचं?

त्या कॉलवर सगळं घर होतं, आणि वाद पुन्हा तोच : नवा फिल्टर लावायच्या आधी त्यात ऑइल भरायचं की रिकामाच लावायचा. काका म्हणतात भरा, म्हणजे पहिल्या फेऱ्याला इंजिन कोरडं फिरत नाही. ताई म्हणते आडवा बसणारा फिल्टर भरून लावला तर निम्मं ऑइल कोपरावर येतं. मोठेबाबा म्हणाले, आधी लिटरभर डिझेल टाक.

“इकडे डिझेल नाही मोठेबाबा, पेट्रोलची गाडी आहे.”

“मंग पेट्रोल टाक,” मोठेबाबा म्हणाले, आणि ताईने फोन काकांच्या हातात दिला.