मी म्हटलं, ‘मुंबईजवळ!’

मैत्रिणींनो, जन्म पुण्यात, सासर पुण्यात, अशा बाईला कुणी गाव विचारलं तर तिनं काय सांगावं? पुणं! आणि तेही जरा मान ताठ करूनच. तुम्ही म्हणाल, यात विचारण्यासारखं काय आहे? पण खरं सांगू? मी पुरते सहा महिने माझ्या गावाचं नाव लपवून काढले. तेही कशापायी, तर फुटबॉलपायी!

त्याचं असं झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात मी लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळं पिशव्यांत बांधून नेलं होतं. जावयांची नोकरी ब्लॅकबर्नला. लँकेशायरमधलं, मँचेस्टरच्या वरच्या अंगाचं हे जुनं गिरणगाव. विमानतळावरून घरी नेताना जावई हसत म्हणाले, “आई, एक सांगून ठेवतो. इथं कुणी विचारलं तर पुण्याच्या म्हणू नका हं. मुंबईजवळ म्हणा.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा त्या गावाचा फुटबॉल क्लब. स्थापना १८७५ सालची. १८८८ मध्ये इंग्लंडात फुटबॉलची लीग सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांत हा एक. गावातल्याच जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्यानं पुढं या क्लबात आपला पैसा ओतला आणि १९९४-९५ साली रोव्हर्सनी मोठमोठ्या शहरांना मागं टाकून प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० साली वारले. २०१० च्या नोव्हेंबरात क्लब विकत घेतला तो आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीनं. हो, कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातली तीच. दीड वर्षानं, २०१२ च्या मे महिन्यात, संघ पहिल्या पायरीवरून दुसरीवर उतरला. ज्या सामन्यात हे ठरलं, त्या सामन्यात कुणीतरी चक्क एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती! पुढच्या एकाच मोसमात मॅनेजरच्या खुर्चीवर, तात्पुरते धरून, पाच माणसं बसून उठली. मालकांनी पैसा घातला नाही असं नव्हे. वर्षानुवर्षं तूट तेच भरत आले. पण लोकांचा राग गेला नाही. त्यामुळं ब्लॅकबर्नमध्ये पोराटोरांनाही ‘पुणे’ हा शब्द ठाऊक, आणि तो काही कौतुकानं घेतला जात नव्हता.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारं जोडपं राहायचं. बाई पंचाहत्तरीच्या, पण काटक. पहिल्याच आठवड्यात लेकीसाठी गरम सूप घेऊन आल्या. त्यांच्याकडं सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायची पद्धत. आपण ‘बाळा’ म्हणतो ना, तसंच. “भारतात कुठं राहतेस गं, लव्ह?” त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “मुंबईजवळ!”

त्या गेल्यावर लेक हसली. मला मात्र हसू आलं नाही.

डिसेंबरात नात झाली. शेक-शेगडीऐवजी गरम पाण्याच्या पिशव्या, अंगणाऐवजी खिडकीतलं ऊन. पण तेल-मालिश आणि अळिवाची खीर मी काही सोडली नाही. बाळ झोपलं की दुपारी शेजारच्या बाई चहाला बोलवायच्या. हळूहळू मला त्यांच्या घरातला तिढा समजला.

दोघांचंही लग्नाआधीपासून रोव्हर्सवर प्रेम. पन्नासेक वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले. पण क्लब उतरल्यापासून आजोबांनी शपथच घातली होती: हे मालक आहेत तोवर मैदानात पाऊल टाकणार नाही, माझा एक पौंडही त्यांना मिळणार नाही. बाई मात्र वर्षाचं तिकीट काढायच्या आणि एकट्या जायच्या. “तू जातेस म्हणून त्यांचं फावतं,” असं आजोबा म्हणायचे. “मी नाही गेले तर त्या अकरा पोरांकडं बघणार कोण?” असं बाई म्हणायच्या. दर शनिवारी त्या घरात अबोला. त्या मोसमात काही प्रेक्षकांनी निषेधाची एक युक्ती काढली होती. सामन्याला अठराव्या मिनिटाला आत जायचं आणि पंचाहत्तराव्याला बाहेर पडायचं, म्हणजे १८-७५, क्लबाचं जन्मसाल. “मग तुम्ही?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “मी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. पैसे पूर्ण दिलेत की!” यावर आजोबांनी वर्तमानपत्राआडून नुसतं ‘हं’ केलं.

तुम्हांला ही दुसरी पायरी म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्लंडात प्रीमियर लीग सर्वांत वर, वीस संघांची. तिच्या खाली चॅम्पियनशिप, चोवीस संघांची. प्रत्येक संघानं सेहेचाळीस सामने खेळायचे. जिंकला तर तीन गुण, बरोबरीला एक. शेवटी पहिले दोन संघ सरळ वर जातात, तेव्हा तिसरे ते सहावे आपसांत खेळून त्यांतला एक वर जायचा, आणि तळाचे तिघे खालच्या, तिसऱ्या पायरीवर. वर टीव्हीचा पैसा रग्गड. खाली उतरत जावं तसा आटत जातो. पैसा आटला की चांगले खेळाडू विकावे लागतात, खेळाडू गेले की आणखी हार. घसरलेल्या संसाराची गत आपण पाहिलेली असते, तशीच.

रोव्हर्सनी त्या मोसमाची सुरुवातच घरच्या मैदानावर नॉरिचकडून चार-एकनं हरून केली होती. मी पोहोचले तेव्हा ते तळाशीच घुटमळत होते. फेब्रुवारीत एफए कपच्या सामन्याला खुद्द मँचेस्टर युनायटेड आलं. पहिला गोल रोव्हर्सचा! भिंतीपलीकडून आजोबांची आरोळी ऐकू आली आणि आमचं बाळ दचकून रडायला लागलं. शेवटी युनायटेड दोन-एकनं जिंकलं. दोनच दिवसांनी मॅनेजर ओवेन कॉइल गेले आणि टोनी मोब्रे आले. मग संघ जरा सावरला. बाईंच्या चेहऱ्यावरही तजेला आला.

एकदा चहा पिताना त्या आपल्या आईबद्दल बोलल्या. आई कापडगिरणीत विणकर होती. “तुमच्याकडच्या पुरुषांसाठीच विणायची,” असं म्हणून त्यांनी शब्द उच्चारला, “धूटी!” मैत्रिणींनो, ब्लॅकबर्नचे माग आपल्याकडच्या धोतरांवर चालत होते! आणि आपण विलायती कापडावर बहिष्कार घातला, आपल्या गिरण्याही उभ्या राहिल्या, तसे तिथले माग बंद पडत गेले. १९३१ साली गांधीजी शेजारच्याच डार्वेन गावी येऊन राहिले होते, गिरणीतल्या कामगारांना भेटले होते. बेकार झालेल्या त्या लोकांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. बाईंच्या आईनं ते सारं लेकीला सांगितलं होतं. “आईचा राग नव्हता हो,” बाई म्हणाल्या, “ती म्हणायची, त्यांनाही पोटं आहेतच.”

माझ्या डोळ्यांसमोर पुणं आलं. विलायती कपड्यांची होळी १९०५ साली पुण्यातच तर पेटली होती! तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, की बाई, मी तिथलीच. पण जीभ रेटली नाही. आजोबा समोर बसलेले. उगाच चहाचा कप धुवायला उठले.

२९ एप्रिलला मोसमातला घरचा शेवटचा सामना, अ‍ॅस्टन व्हिला संघाशी. बाईंनी माझंही तिकीट काढलं. लेक म्हणाली, “जा गं आई, बाळाला मी बघते.” साडीवर कोट, पायांत बूट, गळ्यात बाईंनी दिलेला निळा-पांढरा मफलर, अशी मी इवूड पार्कला गेले. एकतीस हजार माणसं मावतील एवढं मैदान. या मोसमात बहुतेक सामन्यांना निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असायच्या. बाईंनी घरून बटाट्या-कांद्याचा पाय करून आणला होता, खास माझ्यासाठी, मांस न घालता. त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामीच होती. तिच्यावर त्यांनी थर्मास ठेवला. ती कुणाची, हे मी विचारलं नाही. रोव्हर्स एक-शून्यनं जिंकले. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की माझ्या बांगड्या रुतल्या.

७ मेचा रविवार शेवटचा. सामना लंडनला, ब्रेंटफर्डशी. रोव्हर्स आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट दोघांचेही अठ्ठेचाळीस गुण, बर्मिंगहॅमचे पन्नास. तिघांतला एक बुडणार. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओभोवती आम्ही तिघं बसलो. हो, आजोबासुद्धा! शपथ मैदानाची होती, रेडिओची नव्हे. रोव्हर्सनी भरभर दोन गोल केले. थोडा वेळ वाटलं, वाचले. बाई उठून किटली ठेवायला गेल्या. तेवढ्यात तिकडं नॉटिंगहॅममध्ये फॉरेस्टचा गोल झाला. मग दुसरा. मग तिसरा. बर्मिंगहॅमही जिंकत होतं. रोव्हर्स तीन-एकनं जिंकले आणि तरीही बुडाले! दोघांचे एक्कावन्न-एक्कावन्न गुण. पण केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा हिशेब मांडला तर फॉरेस्टची तूट दहाची, रोव्हर्सची बाराची. दोन गोलांनी संसार बुडाला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या पायरीवर उतरण्याची ती पहिलीच वेळ.

आजोबांनी रेडिओ बंद केला. कुणी बोलेना. मग त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले, तर बाई समोरून येत होत्या. हातात भाजीची पिशवी आणि गळ्यात तोच निळा-पांढरा मफलर. मे महिन्यात! थंडीही नव्हती. मी म्हटलं, “आज मफलर?” त्या म्हणाल्या, “आजच तर घालायला हवा. काल हरलो म्हणून मी काय दुसऱ्या गावची झाले?”

मैत्रिणींनो, मला भर रस्त्यात रडू आलं. मी म्हटलं, “मी तुमच्याशी खोटं बोलले. मी मुंबईजवळची नाही. मी पुण्याची आहे.”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता या घरचा चहा संपला. तर त्या म्हणाल्या, “मग परत गेलीस की सांग त्यांना. आम्ही अजून इथंच आहोत म्हणावं.”

आठवड्याभरानं मी परतले. आमच्या ह्यांना सारं सांगितलं तर हे म्हणाले, “एवढ्या मोठ्या लोकांना तू भेटणार कशी?” खरंच आहे. ना माझी ओळख, ना पाळख. पुढच्याच मोसमात, २०१८ च्या एप्रिलात, रोव्हर्स तिसऱ्या पायरीवरून परत दुसऱ्या पायरीवर चढले. लेकीनं फोनवर सांगितलं, की भिंतीपलीकडून पुन्हा आरोळी आली आणि या वेळी नात दचकली नाही, तिनं टाळ्या वाजवल्या. आजोबांनी तिकीट मात्र काढलं नव्हतं. बाई जातच होत्या.

तो निरोप माझ्याजवळ तसाच राहिला. म्हणून आज इथं लिहून टाकला. आणि आता प्रवासात, लग्नकार्यात, कुणीही गाव विचारलं की मी पुणं सांगते. समोरचा काय म्हणतो ते ऐकून घेते, पण सांगते पुणंच.