दातांचा डॉक्टर, नागझिऱ्याची वाघीण आणि माझी आजी

आपल्या कॉलेजात ब्रँच कुठलीही असो, मनातून भलतंच काहीतरी करायचं असलेले लोक फार! कुणाला गिटार, कुणाला एमपीएससी. अशा सगळ्यांसाठी नागपूरच्या एका माणसाबद्दल लिहितेय. रोहन चक्रवर्ती. शिक्षण दातांच्या डॉक्टरचं आणि काम कार्टून काढायचं. तेही नेत्यांचं नाही, तर वाघ, घुबड, बेडूक, सापांचं!

नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर त्यांनी एक वाघीण आंघोळ करताना पाहिली आणि त्यांना आपला विषय सापडला. हे वाचून मला जाम भारी वाटलं. मी दिघोरीची. (नागपूरचा दिघोरी नाका नव्हे! भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली दिघोरी मोठी.) साकोली गाठली की पुढे नागझिरा आलंच. म्हणजे आमच्या शेजारच्या वाघिणीने एक डेंटिस्ट पळवला म्हणायचं.

मध्ये त्यांनी बंगलोरला ॲनिमेशनची नोकरी केली. २०१० मध्ये 'ग्रीन ह्यूमर' ही कार्टून मालिका सुरू केली. मग वर्तमानपत्रं आली, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियासाठी पुस्तक झालं, बीएनएचएसचं 'बर्ड बिझनेस' (२०१९) झालं, मुंबईच्या जैवविविधतेचा चित्रांचा नकाशा झाला. २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

त्याच २०१० साली टीव्हीवर एअरसेलची 'सेव्ह अवर टायगर्स' ही जाहिरात होती. आईची वाट पाहणारा एक बछडा आणि आकडा १४११. मी नंतर यूट्यूबवर पाहिली. डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू! पण गंमत बघा, २०१८ मध्ये ती कंपनीच बंद पडली आणि २०२२ च्या गणनेत वाघ मात्र सरासरी ३६८२ निघाले. ती जाहिरात आपल्याला रडवते. चक्रवर्तींचे प्राणी दयेची भीक मागत नाहीत, उलट माणसाचीच फिरकी घेतात. मला विचाराल तर हेच जास्त टिकतं. रडू दुसऱ्या दिवशी विसरतं, टोमणा लक्षात राहतो.

पण हे सगळं माझं, होस्टेलच्या कॉटवर बसून. दिवाळीत घरी गेले तेव्हा मोबाइलवर त्यांचं एक वाघाचं कार्टून आजीला दाखवलं. मी कॉन्व्हेंटवाली, इंग्रजी जोक मला चटकन कळतो. पण तो मराठीत सांगायला गेले आणि बिचारा जागीच मेला! आजीने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "वाघ का असा बोलते बाई?"

तिचं काय चुकलं? 'सीटी-१' नावाच्या वाघाने गडचिरोली, चंद्रपूर आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात मिळून १३ माणसं मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसाच्या जंगलात त्याला पकडलं, तोवर आमच्या भागात संध्याकाळी शेतावर जायची कुणाची छाती नव्हती. धान तर उभा होता. वाघ जगला पाहिजे हे मला पटतं, पण पुण्या-मुंबईच्या मुलाला ते जितकं स्वस्तात पटतं तितकं आजीला पटणार नाही. तिच्यासाठी वाघ म्हणजे चैत्रात पहाटे मोहफुलं वेचताना झुडपामागे काही हललं तर तो.

आणि वाघासोबत राहायचं कुणाला आहे? तिलाच ना! जंगलात एकटं जाऊ नका, वाकून बसून काम करताना सावध राहा, हे वन खात्याच्या सरकारी मराठीतल्या बोर्डावर वाचून कोण थांबतं? तिथेच असं एखादं चावट चित्र असतं तर लोक थांबले असते, हसले असते आणि चारचौघांत सांगितलंही असतं. मी पाहिलेली त्यांची कार्टून्स इंग्रजीत आहेत. ती मराठीत यावीत, आणि खरं म्हणजे आमच्या झाडीबोलीत यावीत असं मला फार वाटतं.

आजीने मोबाइल परत दिला, पण थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा मागितला. वाघाचे पट्टे तिला आवडले होते. मग विचारते, "अन् मोहा येचाले जानारी बाई कुठी हाये याच्यात?"

मला धड गोल काढता येत नाही (ड्रॉइंगच्या सरांना विचारा). पण आपल्यापैकी कुणाचा हात चांगला असेल, तर ही बाई काढून द्या. वाघ तिला काय म्हणतो ते मी आजीला विचारून लिहिते.