बाभळीवरचा गरुड आणि गोठ्यातली बाटली



आजची नोंद पिकाची कमी आणि पाखराची जास्त आहे. शाळू पोटरीत आलाय, सकाळी दव बरं पडतंय, चिकटा अजून दिसला नाही. एवढं सांगून विषयावर येतो.

काल आमच्या ग्रुपवर एका पोरानं फोटो टाकला. माळावरच्या बाभळीच्या शेंड्यावर बसलेलं मोठं पाखरू, अंगावर कोवळं ऊन, आणि खाली लिहिलेलं, 'माणदेशात सोनेरी गरुड'. संध्याकाळपर्यंत फोटो चार गावांत फिरला. मला सात-आठ जणांचे फोन आले, "दादा, खरं काय हो?"

पोराचं कौतुकच आहे. मोबाईलमधून मान वर काढून बाभळीकडं बघितलं हेच पुष्कळ. पण तो सोनेरी गरुड नाही. सोनेरी गरुड हिमालयातला. माझा भाचा फौजेत आहे, त्याची बदली लेहला असताना त्यानं बघितला होता. सुट्टीला आल्यावर सांगत होता, "मामा, अंग सगळं गडद तपकिरी, सोनेरी फक्त मान आणि डोक्यामागचा भाग. उडताना पंख वर उचलून धरतो, इंग्रजी व्ही काढल्यासारखे." उघड्या डोंगरकड्यांवर राहणारं पाखरू ते. तिकडं चकोर, ससे, बिळात राहणारे मार्मोट धरून खातं. आपल्या माळावर ते यायचं कारण नाही.

मग बाभळीवरचा कोण? तो पिंगट गरुड. इंग्रजीत त्याला टॉनी ईगल म्हणतात. याचा रंग प्रत्येकाचा वेगळा. कुणी गडद तपकिरी, कुणी वाळल्या कडब्यासारखा फिकट. फिकट असला आणि सकाळचं ऊन पडलं की अख्खा सोन्याचा दिसतो. मीसुद्धा पहिल्यांदा फसलोय.

ओळखायचा कसा ते सांगतो. मी काही पक्षीतज्ज्ञ नाही, दहावी पास माणूस. बारा वर्षं बांधावरनं बघून जे ध्यानात आलं आणि पुस्तकातल्या चित्रांशी ताडून घेतलं, तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, शेपूट बघा. घारीच्या शेपटीला मधे खाच असते आणि उडताना ती शेपूट सारखी इकडं-तिकडं वळवते. गरुडाची शेपूट पंख्यासारखी गोल.

दुसरी गोष्ट, पंख. गरुड वर घिरट्या घालतो तेव्हा पंख फळीसारखे रुंद दिसतात आणि टोकाची पिसं हाताची बोटं फाकल्यासारखी. पंख हलवतो तोही सावकाश, घाई नसल्यासारखा.

तिसरी गोष्ट, पाय. कोंबड्याचा पाय खाली उघडा असतो. पिंगट गरुडाला पंजापर्यंत पिसं, पायजमा घातल्यासारखा. बसलेला असताना दुर्बिणीतनं हे चांगलं दिसतं.

थंडीत आपल्याकडं अजून एक पाहुणा येतो, स्टेप गरुड. कझाकस्तान, मंगोलिया अशा भागांतनं उडत येतो आणि उन्हाळा लागायच्या आत माघारी जातो. तो आणि पिंगट गरुड शेजारी बसले तर भल्याभल्यांचा घोळ होतो. खूण चोचीच्या कोपऱ्यात आहे. तिथं पिवळी रेघ असते. पिंगट गरुडाची रेघ डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबते, स्टेप गरुडाची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते. स्टेप गरुडाचं पिल्लू वर्षाचं असेल तर पंखाखाली लांब पांढरा पट्टा दिसतो.

आणि पोटाखाली पांढुरका, छाती तपकिरी, डोकं घुबडासारखं मोठं, असा एखादा वाऱ्याकडं तोंड करून एकाच जागी पंख हलवत थांबलेला दिसला, तर तो सापमार गरुड. त्याचं खाणं नावातच आलं. लहानगी कापशी घारही असंच एका जागी थांबते, पण ती कावळ्याएवढीच आणि खांद्यावर काळी. उंदरांसाठी ती आपली बिनपगारी राखणदार.

बघायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. ऊन तापून हवा वर चढायला लागली की हे लोक उडतात, त्याच्या आधी झाडावर नाहीतर ढेकळांत बसून असतात. नांगरटीच्या रानात बघा, मेंढरं बसवलेल्या वावरात बघा. मेंढ्या व्यायला लागल्या की मागं पडलेली वार खायला गरुड येतो. आमच्याकडं दरवर्षी मेंढरं बसवणारे एक म्हातारे आण्णा आहेत. ते म्हणतात, "अशक्त कोकरू उघड्यावर सोडलं तर तो उचलणारच, वाघरीत ठेवलं तर काय करतोय?" राग नाही, हिशोब आहे. मला ते पटतं.

आता मी हे सगळं बघायला का लागलो, ते सांगतो. हे आजवर या पानावर लिहिलं नव्हतं.

2013 चा जानेवारी. दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. विहिरी कोरड्या, जनावरं चारा छावणीत. आमच्या खिल्लार बैलाचा, सर्जाचा, मागचा पाय सुजला. बैल आधीच खंगलेला. सरकारी दवाखाना लांब, म्हणून गावात इंजेक्शन देणारा एक जण होता त्याला बोलावलं. त्यानं दुखण्याचं औषध दिलं आणि मोठी बाटली माझ्याकडंच ठेवली, रोज येऊन त्यातलंच टोचायचा. पाच दिवस टोचलं. सूज उतरली, बैल उभा राहायला लागला. आणि सहाव्या दिवशी पहाटे बसला तो उठलाच नाही.

पुरायला जेसीबी लावायचा तर पैसे नव्हते. ट्रॅक्टरला बांधून ओढ्याच्या पलीकडं माळावर नेऊन टाकला. आमच्यात पहिल्यापासून तसंच करायचे. माझ्या लहानपणी मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची आणि दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा. आता गिधाडं नव्हती. कुत्री आली, आणि दुसऱ्या दिवशी तीन मोठी तपकिरी पाखरं आली. मला वाटलं घारीच आहेत, जरा मोठ्या. खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं सर्जा कुणाच्या तरी पोटाला लागला.

चौथ्या दिवशी छावणीत जाताना त्यातलं एक बाभळीखाली जमिनीवर बसलेलं दिसलं. मान खाली लोंबत होती. दहा फुटांवर गेलो तरी उडालं नाही. डोळे उघडे, माझ्याकडं बघत होतं. एवढी मोठी चोच, एवढे मोठे पंजे, पण माझ्यावर चालून यायचं बळ नव्हतं. डब्याच्या झाकणात पाणी ठेवलं. प्यालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथंच मरून पडलं होतं. जवळनं बघितलं तेव्हा पायाला पंजापर्यंत पिसं दिसली, तेव्हा कळलं की ही घार नव्हे. तिथंच खड्डा काढून पुरलं. बैल पुरायला पैसे नव्हते, पाखरू पुरायला फावडं पुरलं.

कशानं मेलं हे तेव्हा मला कळलं नाही. दोन वर्षांनी तालुक्याला पशुवैद्यकीय शिबिर होतं. तिथं डॉक्टर साहेबांनी गिधाडं का संपली ते सांगितलं. डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्याचं औषध. जनावराला दिलं आणि ते थोड्या दिवसांत मेलं तर औषध मांसात राहतं. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडते आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर बसतो. हे कारण 2004 साली जगापुढं आलं. 2006 साली आपल्या देशात जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी झाली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मिळतच होत्या आणि त्याच गोठ्यात यायच्या. म्हणून 2015 साली माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसातच विकायचं, असा नियम झाला. तोवर आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एकही उरलं नव्हतं.

मी उठून विचारलं, "साहेब, गरुडालाही होतं का?" साहेब म्हणाले, "होतं. राजस्थानात मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर दोन स्टेप गरुड सापडले, त्यांच्या अंगात तेच औषध निघालं. 2014 सालीच ते छापून आलंय."

घरी आलो आणि आधी गोठ्यात गेलो. कोनाड्यात जुन्या बाटल्या होत्या, जंताच्या औषधाची, गोचीडाच्या औषधाची. त्यांच्या मागं ती बाटली होती. धूळ पुसून नाव वाचलं. तेच होतं.

आता नीट लिहितो, कारण या पानावर कृषी आणि पशुवैद्यकीय खात्यातली जाणकार माणसं आहेत. त्या गरुडाची तपासणी झाली नाही. त्यामुळं त्याच औषधानं तो गेला असं छातीठोक मी सांगू शकत नाही. पण बाटली माझ्या कोनाड्यात होती आणि बैल मी टाकला होता. बाकीचे दोन कुठं गेले ते मला माहीत नाही. टोचणाऱ्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण बाटलीवरचं नाव मला वाचता येत होतं. मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो.

एक, जनावराला इंजेक्शन द्यायच्या आधी नाव विचारतो आणि वहीत तारखेसकट लिहितो. दुखण्यासाठी मेलोक्झिकॅम आहे, टोल्फेनामिक ॲसिड आहे. ही दोन्ही गिधाडांना चालतात. डायक्लोफिनॅक नको. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर, आणि त्यानंतर निमेसुलाईडवरही जनावरांसाठी बंदी आली आहे. डोस किती, किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, माझ्या पोस्टवरनं ठरवू नका.

दोन, औषध चालू असताना जनावर मेलं, किंवा साथीच्या रोगानं मेलं, तर उघड्यावर टाकत नाही. 2022 ला लंपीत आमचं एक वासरू गेलं, तेव्हा खोल खड्डा काढून चुना टाकून पुरलं. खर्च आला, पण केला.

तीन, उंदरांना घातलेल्या विषाकडं लक्ष ठेवतो. आमिष उघड्यावर न टाकता बिळात घालून बीळ बुजवतो आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरतो. विषारी उंदीर खाऊन कापशी घार आणि घुबडही जातं, मग उंदीर धरायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आज सकाळी फोटोतल्या बाभळीकडं जाऊन आलो. गरुड होता. दुर्बिणीतनं पायजमा दिसला, चोचीची पिवळी रेघ डोळ्याच्या मध्यापर्यंत दिसली. म्हणजे पिंगटच, आपला इथलाच. साडेनऊला उठला, शाळूवरनं दोन घिरट्या घेतल्या आणि ओढ्याच्या पलीकडं गेला. सर्जाला टाकला होता त्याच माळावर.

फोटो टाकणाऱ्या पोराला सांगितलंय, बाबा, नाव दुरुस्त कर पण फोटो काढू नको. आणि घरटं दिसलं तर त्याचा पत्ता ग्रुपवर टाकू नको, गर्दी झाली की ते घरटं सोडून जातात.

तुमच्याकडं गरुड दिसला तर खाली लिहा. गाव, तारीख, शेजारी कोणतं पीक आणि तो बसला होता की उडत होता. आणि आज संध्याकाळी धारा काढायला जाल तेव्हा गोठ्यातला कोनाडा एकदा बघा. बाटल्यांवरची नावं वाचा. दहावी पास माणसाला वाचता येतात तेवढी मोठी असतात ती.

राम राम.